मराठीत सांगायचं राहिलेलं भांडण

शरयूताई,

तुमच्या तीये की बैठकीतून बाहेर पडले तेव्हा कुणीच मला विचारलं नाही, "काय पाहिलंस?"

विचारणार तरी कोण? तो प्रश्न फक्त तुमचा होता. प्रत्येक कामानंतर गाडीत बसलं की सीट बेल्ट लावायच्या आधी तुम्ही तो विचारायचात, आणि मी गाडी सुरू करता करता उत्तर द्यायचे. बाकी दिवसभर मी तोंड उघडायचे नाही, हे आपल्या दोघींना चालायचं.

म्हणून आज न विचारता सांगते. जयपूरच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. तुमच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, शेजारच्या भाभीजींनी समजावलं तसं तो करत गेला. येणाऱ्या प्रत्येकासमोर तो हात जोडायचा आणि कुणालाच ओळखायचा नाही. निम्मे लोक कारखान्यांतले होते. कोणी बोलत नव्हतं. इतकी माणसं एका खोलीत आणून बसवली आणि एकालाही बोलू दिलं नाही, ही कसली बैठक, असं तुम्ही म्हणाला असतात. आपल्या बैठकींत आरडाओरडा असायचा, पाण्याचे ग्लास सांडायचे, एकदा तर एका साहेबांनी स्वतःचाच चष्मा आपटून फोडला होता.

एकमेकांचं तोंड न बघणारी काही माणसं त्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसलेली मी पाहिली. एसीच्या रिमोटवरून भांडणारे ते दोन अकाउंटंट आठवतात? ते एकाच स्कूटरवरून आले होते. मला पाहून मोठे म्हणाले, "मैडम, रिमोट अब भी इसी के पास है।" दुसरे हसले आणि मग दोघांनीही डोळे पुसले.

आपलं काम काय आहे हे मला घरी नीट सांगता आलं नाही. बाबा अजूनही अकोल्याच्या नातेवाइकांना फोनवर सांगतात की पोरगी एचआरमध्ये आहे. खरं म्हणजे कामाच्या ठिकाणी दोन माणसांचं फाटलं, मालकाला कोर्टकचेरी नको असली आणि कुणाला कामावरून काढायचंही नसलं, की तुम्हाला बोलावणं यायचं. तुमच्या कार्डावर 'मध्यस्थ' असं छापलेलं होतं. लग्न जमवणाऱ्या बाईसारखं वाटतं, असं तुम्ही त्यावर कुरकुरायचात. कामगार तुम्हाला 'ताईजी' म्हणायचे. इकडे ताईजी म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आणि तुम्ही रागवायचातही तशाच.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या तोंडून तीनचार वाक्यंसुद्धा निघाली नव्हती. मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही सांगलीच्या, ठसठशीत बोलणाऱ्या. मी रेल्वे क्वार्टरमध्ये हिंदी-इंग्रजीत वाढलेली, घरात वऱ्हाडी ऐकणारी आणि स्वतः प्रत्येक वाक्यात 'मतलब' घालणारी. तुम्ही चहा ओतता ओतता म्हणालात, "बोलणारे लोक आपल्याकडे येतातच. मला गप्प बसून बघणारं कुणीतरी हवंय." त्याआधी माझं गप्प बसणं कुणाच्या उपयोगाचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडम म्हणू नकोस, तेवढं तरी मराठीत म्हण, हेही त्याच दिवशी सांगितलंत.

तुमची पद्धत साधी होती. आधी प्रत्येकाला वेगळं भेटायचं, दार बंद करून. तिथे जे बोललं जाईल त्यातलं तो परवानगी देईल तेवढंच बाहेर न्यायचं. मग दोघांना टेबलाच्या एकाच बाजूला बसवायचं, आणि प्रत्येकाने स्वतःची नाही, समोरच्याची तक्रार सांगायची. ज्याची तक्रार आहे तो "हाँ, यही" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. लोक चिडायचे. आम्ही भांडायला आलोय की पाठांतर करायला, असं एकाने विचारलं होतं. पण कधीतरी तो "हाँ, यही" यायचा आणि खोलीतली हवा बदलायची. शेवटी तुम्ही दोघांसमोर आपली सगळी टिपणं फाडायचात. आपल्याकडे काही उरू द्यायचं नाही, म्हणायचात. आज मी तुमचं काही शोधायला गेले तर खरंच काही सापडत नाही.

आता सुमनचं सांगते. तिच्यावरूनच आपलं भांडण झालं, आणि ते अर्धंच राहिलं.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला तो चादरी आणि रजया शिवणारा कारखाना. सुमन तिथे माल तपासायची, रोज चौमूंहून बसने यायची. एका रजईचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगाईतून आले असतील तर इतरांना दिसायच्या आधी तिला दिसायचं. तिने एक अख्खा लॉट बाजूला काढला. कारखान्यात आयुष्य घालवलेले गिरधारीजी तिचे सुपरवायझर. त्यांनी सगळ्या शिफ्टसमोर तिला झापलं, की रंग एकच आहे, तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय, आधी चष्मा लाव आणि मग कामावर ये. मागच्या रांगेतले हसले. सुमनने लेखी तक्रार केली, आणि आपण तिथे पोचलो.

बंद दाराआड गिरधारीजी बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले की सुमनचं बरोबर होतं. रंग वेगळाच होता, त्यांनाही दिसत होता. पण माल त्या दिवशी निघालाच पाहिजे असं वरून मॅनेजरने बजावलं होतं, आणि पोरगी हटून बसली होती. तिच्या डोळ्यांवर ढकललं की विषय संपत होता. हे सांगून झाल्यावर त्यांनी तुमच्यासमोर हात जोडले. "यह बात इसी कमरे में रहे, ताईजी।" तुम्ही मान हलवलीत. मी कोपऱ्यात बसून तुमची ती मान पाहिली.

एकत्र बैठकीत सगळं पद्धतीप्रमाणे झालं. गिरधारीजींनी सुमनची बाजू सांगितली, की मी हिच्यावर ओरडलो, सगळ्यांसमोर हिचा अपमान केला, हिला रडत घरी जावं लागलं. सुमन म्हणाली, "हाँ, यही।" त्यांनी माफी मागितली. तिने शिफ्ट बदलून मागितली, ती मिळाली. दोघांनी सह्या केल्या, तुम्ही टिपणं फाडलीत. उठताना सुमन हळू आवाजात म्हणाली की कदाचित तिचीच नजर चुकली असेल, इतके जण म्हणतात तर. गिरधारीजी खाली बघत होते. तुम्ही पर्स बंद करत होतात.

त्या दिवशी सीकर रोडवर तुम्ही विचारलंत, "काय पाहिलंस?" मी म्हणाले, त्यांनी आवाजाची माफी मागितली, खोटेपणाची नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बरोबर पाहिलंस." बस, एवढंच. आणखी काहीतरी म्हणाल म्हणून मी जगतपुऱ्यापर्यंत वाट पाहिली.

पुढे सुमनने काम सोडल्याचं कळलं. नव्या शिफ्टमध्ये ती प्रत्येक तुकडा शेजारणीला दाखवून विचारायची. तपासणारीच विचारायला लागली तर तिचा काय उपयोग? कुणी तिला काढलं नाही, तीच निघून गेली. ही बातमी मी तुम्हाला गाडीतच सांगितली आणि मग माझा तोल सुटला. राग आला की मी इंग्रजीत जाते. तुम्ही भांडण मिटवलं नाही, फाईल मिटवलीत, असं मी म्हणाले. एका मुलीचे डोळे तिच्याकडून काढून घेतले आणि आपण त्यावर सह्या घेतल्या, असंही म्हणाले. इंग्रजीत ते फार सफाईने आलं.

तुम्ही मला गाडी बाजूला घ्यायला लावलीत. शेजारून चौमूंच्या बसेस जात होत्या, काचेवर धूळ बसत होती. तुम्ही म्हणालात, "हेच मराठीत सांग. इंग्रजीत तुला रागवायला फार सोपं जातं."

मी सुरुवात केली. 'मतलब' म्हणाले आणि पुढे काही येईना. रागाची मराठी माझ्याकडे नव्हतीच. घरी आई रागावते ती ऐकायला येते, वापरायला नाही. तुम्ही थांबलात. खूप थांबलात. मग म्हणालात, "सवकाश सांग. मी कुठे जात नाही."

हे वाक्य मला आता नको वाटतं, ताई.

त्यानंतर मी काम करत राहिले, गाडी चालवत राहिले. तुम्ही "काय पाहिलंस?" विचारलंत की "काही नाही" म्हणायचे. दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करायचं आणि येताना गाडीत दोघींनी समोरच्या ट्रकची पाटी वाचत यायचं. तुम्हीही जोर केला नाहीत. मधल्या काळात तुम्ही कधी कधी मला सुट्टी देऊन रिक्षाने कुठेतरी जायचात. कुठे ते सांगायचा नाहीत, आणि मी मुद्दाम विचारायचे नाही. मला वाटलं, डॉक्टर. तोवर तुमचा चेहरा उतरायला लागला होता, तेव्हा ते पटण्यासारखं होतं.

शेवटचं भेटले तेव्हा तुम्ही पलंगावर उशांना टेकून बसला होतात. आईने दिलेला डबा मी ओट्यावर ठेवला. तुम्ही झाकण उघडायला लावून नुसता वास घेतलात आणि म्हणालात, "अकोल्याचं तिखट. हे खाऊन मी मरायचे." मी हसले नाही. मग तुम्ही म्हणालात, "तुझ्याशी बोलायचंय मला. पण आधी एका माणसाला विचारायचंय." मी म्हटलं, विचारा ना. मला वाटलं मुलाबद्दल असेल, घराबद्दल असेल. कुणाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तुम्ही सांगितलं नसतं, हे आता कळतं.

तर, बैठक. लोक उठल्यावर मी चपला शोधत होते. दाराबाहेर गिरधारीजी उभे होते, पांढरा कुर्ता, हातात टोपी. ते आत आलेच नव्हते. त्यांनी मला बाजूला बोलावलं. शिवणीवरून बोट फिरवावं तशी ते टोपीची कड चाचपत होते.

"ताईजी दो बार मेरे घर आई थीं।"

पहिल्यांदा तुम्ही सुमनने काम सोडल्यावर लगेच गेलात. त्यांना विचारलंत, की बंद खोलीतली ती गोष्ट मी सुमनला सांगू का? ते नाही म्हणाले. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते, मॅनेजरला कळलं असतं तर सगळंच अडलं असतं. दुसऱ्यांदा गेलात तेव्हा तुम्हाला जिना चढवेना. तुम्ही खालच्या पायरीवर बसून राहिलात आणि ते उतरून आले. तेव्हाही नाहीच म्हणाले. मग, ते सांगत होते, तुम्ही वेगळंच मागितलंत.

"बोलीं, सुमन को नहीं तो कम से कम मेरी लड़की को बताने दो कि मैं पूछने आई थी। वह मुझसे रूठी हुई है।" ते थांबले. "मैंने उसके लिए भी मना कर दिया।"

तुम्हाला मुलगी नाही, ताई. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणून ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात एवढंही मला सांगायची तुम्हाला परवानगी नव्हती. तुमच्या नियमाने त्यांच्या घरातलं बोलणंही बंद दाराआडचंच होतं. म्हणजे मी "काही नाही" म्हणायचे तेव्हा तुमच्याकडे उत्तर होतं, आणि तुम्ही ट्रकची पाटी वाचत होतात.

मी तिथे उभी राहून एक गोष्ट केली. आपल्या कामात मी आजवर कुणालाही प्रश्न विचारला नव्हता. गिरधारीजींना विचारला. म्हटलं, तिसऱ्यांदा मी विचारते, आता सांगू का सुमनला? त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. म्हणाले, "मैं ही बोलूँगा। आप साथ चलेंगी?"

आम्ही चौमूंला बसने गेलो. वाटेत कारखाना लागला तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघत होते. सुमन आता तिच्या काकांच्या मॅचिंग सेंटरमध्ये बसते. भिंतभर अस्तरं, फॉल, धाग्यांची रिळं, हजार रंग. आम्ही पोचलो तेव्हा एक गिऱ्हाईक साडी घेऊन आलं होतं. सुमनने साडीकडे पाहिलंही नाही. तिने आत हाक मारली, "चाचाजी, रंग देख लो।" काका उठून आले, जुळवून दिलं, ती फक्त कापून पैसे घेत होती. हे पाहून गिरधारीजी पायरीवरच थांबले.

मी दोघांना शेजारी शेजारी स्टुलांवर बसवलं. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. रंग वेगळा होता. मला दिसत होता. तुझ्या डोळ्यांत काही दोष नव्हता, दोष माझ्या पोटातल्या भीतीत होता. सुमन कात्री उघडत मिटत ऐकत होती.

मग म्हणाली, "नौकरी पूरी हो गई, तब याद आया आपको।"

गिरधारीजी टोपीची कड चाचपत राहिले.

"उस दिन बोल देते। मैं घर जाकर अपनी माँ से पूछती थी, यह चुन्नी लाल है या मरून।"

तिने त्यांना माफ केलं नाही. चहाही विचारला नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली की ताईजी आल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला तुमचं सांगितलं, आणि तुम्ही दोनदा गेला होतात तेही, गिरधारीजींकडे बघून, त्यांनी मान हलवल्यावर. सुमनने कात्री खाली ठेवली. मग दुसरं गिऱ्हाईक आलं आणि आम्ही उठलो.

हे लिहायच्या आधी मी दोघांनाही विचारलंय. सुमन म्हणाली, नाव बदला. गिरधारीजी म्हणाले, माझं राहू दे. मी दोन्ही बदललीत. तुम्हीही तेच केलं असतंत.

बसस्टँडकडे जाताना मी मागे वळून पाहिलं. काय पाहिलं, सांगते. सुमन दुकानाबाहेर उन्हात उभी होती. एका हातात गिऱ्हाइकाची साडी, दुसऱ्या हातात फॉलचा गुंडाळा. ती रंग बघत होती की काकांची वाट बघत होती, ते तेवढ्या लांबून कळलं नाही.

तर ताई, तुम्ही मराठीत सांग म्हणाला होतात. सांगते. तुम्ही त्या दिवशी सह्या घ्यायला नको होत्या. गिरधारीजींनी तोंड उघडलं नसतं तरी तुम्ही बैठक अर्ध्यावर थांबवू शकत होतात, दोन दिवसांनी या म्हणू शकत होतात. कुणाचं गुपित न फोडताही ते जमलं असतं. 'माझी नजर चुकली असेल' असं ती म्हणाली तेव्हा तुम्ही पर्स बंद करत होतात, आणि मला त्याचा राग आला होता. अजून आहे. तुम्ही गेल्यामुळे तो गेला नाही. उलट आता तो घेऊन कुठे जायचं ते कळत नाही.

आणि आता तुमची बाजू. तुमच्याच पद्धतीने.

मी शरयू. मी दार बंद करून लोकांना बोलायला सांगते. ते दार एकदा जरी उघडं राहिलं तरी पुढचा माणूस बोलणार नाही. त्या दिवशी मी सह्या घेतल्या कारण मला वाटलं, मोडलेलं जेवढं जुळतंय तेवढं आज जुळवू, उरलेलं नंतर बघू. ते चुकलं, हे मला माझ्या मदतनीस मुलीने सांगायच्या आधीच कळलं होतं. म्हणून मी गेले, जिना चढवत नव्हता तरी गेले. मला तिला हे सांगता येत नव्हतं, आणि ती रुसली होती. ती रुसली होती याचं मला वाईट वाटायचं. पण ती बरोबर बघत होती, आणि तिचं बघणं चुकलं असं मी तिला कधी वाटू दिलं नाही. दुसरं काही देता आलं नाही, तेवढं दिलं.

बरोबर सांगितलं का मी? काही राहिलं असेल तर थांबवा. मी परत पहिल्यापासून सांगेन, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा.

तुम्ही अजून "हं, हेच" म्हणाला नाहीत.